बार्शी लाईट, शकुंतला, पीजे : छोट्या गाड्यांच्या उरलेल्या खुणा

बांधावरचा (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात येडशीच्या अलीकडे एका शेतात उभा होतो. ज्वारी निघाली होती, रान मोकळं होतं. आजूबाजूचे सगळे बांध सरळ, काटकोनात. मधून एक भराव मात्र लांबवर वळत गेलेला, कमरेएवढा उंच, वर बाभळी माजलेल्या. शेताच्या मालकांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "ती लाईन हाय." गाडी बंद होऊन पंधरा वर्षं उलटून गेली, तरी "होती" नाही, "हाय".

तेव्हाच ठरवलं की हा धागा काढायचा. आपल्याकडच्या छोट्या रेल्वेबद्दल ज्याला जे माहीत आहे, ज्याने जे पाहिलं आहे, ते इथे लिहावं. सुरुवात मी बार्शी लाईटपासून करतो, कारण तिच्याइतका विचार करून बांधलेली छोटी रेल्वे दुसरी नसेल.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबई-सोलापूर लाईन बार्शीला बाजूला ठेवून गेली. बार्शी म्हणजे कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, आणि सगळा माल पस्तीसेक किलोमीटर बैलगाडीने स्टेशनपर्यंत न्यायचा. त्या स्टेशनचं नाव तेव्हा बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. एव्हरार्ड काल्थ्रॉप हा इंजिनियर १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला. छोटी पूरक रेल्वे बांधायची कल्पना त्याने उचलली आणि अनेक वर्षं सोडली नाही. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी धावली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट (७६२ मिलिमीटर).

त्याचं खरं डोकं दिसतं ते वजनाच्या हिशेबात. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघिण, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, हा नियम त्याने सगळ्या गाड्यांना लावला. एकदा हे पक्कं केलं की रूळ हलका चालतो (यार्डाला फक्त ३० पौंड), पूल हलके चालतात, भरावही कमी लागतो. आणि आसांची संख्या वाढवून गाडी मात्र लांब आणि भरपूर माल नेणारी करता येते. लीड्सच्या किट्सन कारखान्याची त्याची पहिली इंजिनं याच हिशेबाने केली होती : आठ चाकं जोडलेली आणि मागे आणखी चार. माल भारतात पाठवण्याआधी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून त्याने हे सगळं लोकांना चालवून दाखवलं. अरुंद गेज म्हणजे तात्पुरतं, खाणीतलं काम, हा समज त्याने खोडून काढला.

पुढे लाईन वाढत गेली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. सगळी मिळून सुमारे ३२५ किलोमीटर. मिरजेची लाईन पूर्ण झाली त्याच वर्षी काल्थ्रॉप वारला. मधल्या काळात तो विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला होता, ती वेगळीच गोष्ट आहे.

देशातल्या बहुतेक मोठ्या रेल्वे सरकारकडे गेल्यावरही ही कंपनी काही वर्षं स्वतंत्र होती. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती विकत घेतली. २००० नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज (मोठ्या गाडीचे रुंद रूळ) झालं. त्यात लातूरकडची वाट बदलली. जुनी गाडी उस्मानाबाद शहराला न जाता येडशीवरून जायची; नवीन लाईन शहराला, म्हणजे आजच्या धाराशिवला, वळसा घेऊन येते. म्हणून मधला जुना तुकडा रानात एकटा पडला. मी उभा होतो तो त्याचाच भाग.

तुमच्याकडे काय उरलंय?

---

कुर्डुवाडीचा_पोऱ्या

वाचताना अंगावर काटा आला. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते. घरात घड्याळ नव्हतं, वर्कशॉपचा भोंगा हेच घड्याळ.

तुम्ही मालाचं लिहिलंत, मी माणसांचं लिहितो. आषाढी आणि कार्तिकीला या गाडीची खरी परीक्षा असायची. मोठ्या गाडीने कुर्डुवाडीला उतरलेले वारकरी फलाट ओलांडून छोट्या गाडीत बसायचे. बसायचे म्हणजे काय, मावेल तिथे मावायचे. पायऱ्यांवर, दोन डब्यांच्या मधे, टपावर. आजोबा सांगायचे, डब्यातून टाळ ऐकू यायला लागले की इंजिनाचा आवाज कळायचा नाही. मोडनिंबला गाडी थांबली की गावातले लोक पाण्याचे हंडे घेऊन उभे.

मी स्वतः शेवटची नॅरोगेज (अरुंद रुळांची छोटी गाडी) लहानपणी पाहिली. चढावर ती इतकी हळू व्हायची की मोठी मुलं उतरून शेजारून पळायची आणि परत चढायची. हे दर वेळी सगळे सांगतात म्हणून खोटं वाटतं, पण मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

---

स्पष्ट_बोलतो

धागा चांगला आहे. पण एक मत मांडतो, राग मानू नका. मी लातूरचा. छोटी गाडी होती तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे कुर्डुवाडीला गाडी बदलायची, रात्रभर फलाटावर बसायचं, म्हातारी माणसं, सामान, लेकरं. माल तर दोनदा उतरवायचा आणि दोनदा चढवायचा. आज रात्री लातूरला बसलं की सकाळी मुंबई. ब्रॉडगेज आलं हे फार चांगलं झालं. जुनं गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या फलाटावर एक रात्र काढायला हवी होती.

---

बांधावरचा

@स्पष्ट_बोलतो, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. गेज बदलताना होणारी मालाची चढ-उतार हाच छोट्या रेल्वेचा सगळ्यात मोठा दोष होता. ट्रक आले आणि त्या दोषाची किंमत वाढत गेली. कुर्डुवाडीला पोतं उतरवून परत चढवण्यापेक्षा बार्शीच्या अडतीवरून थेट ट्रक भरणं स्वस्त पडायला लागलं.

गाडी परत आणा असं मी म्हणत नाही. ती कुठून जायची, का तिथूनच जायची, आणि तिच्यामुळे कुठली पेठ वाढली, कुठलं गाव बाजूला पडलं, हे लिहून ठेवायला हवं. लातूरची आडत बाजारपेठ मोठी झाली त्यात १९११ च्या रुळांचा वाटा आहे. तुमच्या शहरात "जुनी रेल्वे लाईन" म्हणून भाग आहे ना? लोक पत्ता सांगताना ते नाव घेतात. नवीन पिढीतल्या किती जणांना माहीत आहे की तिथून खरंच गाडी जायची?

---

स्पष्ट_बोलतो

आहे, बरोबर. आमच्या मामांचं दुकानच तिकडे. मी कधी विचार केला नव्हता. रस्ता तिथे उगाच हलकासा वळतो, ते लाईनमुळे असणार. रविवारी जाऊन पाहतो.

---

कापूसवेचा

वऱ्हाडातून लिहितोय. आमची शकुंतला राहिली कशी?

मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि मूर्तिजापूरहून दुसऱ्या बाजूला अचलपूर ७६. दोन्ही मिळून १८९. शिवाय पुलगाव-आर्वी ३५ किलोमीटर, तीही याच घराण्यातली. गेज तुमच्या बार्शीचंच, अडीच फूट. बांधली ती कापसासाठी. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, सगळा कापसाचा पट्टा. जिनिंगमधल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर, तिथून मुंबई बंदर, तिथून मँचेस्टर. आणि तिचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं. कापूस तिकडे गेला आणि त्याच गावाचं इंजिन इकडे आलं. ते वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं! १५ एप्रिल १९९४ ला डिझेल लागलं.

शेवटच्या काळात तर मोजकीच माणसं सगळं सांभाळायची. फाटक आलं की गाडी थांबवून उतरायचं, फाटक लावायचं, गाडी पुढे घ्यायची, परत उतरून फाटक उघडायचं. तिकीटही त्यांनीच द्यायचं. गरीब माणसाला एसटीच्या कितीतरी कमी पैशात यवतमाळ गाठता यायचं. मजूर बायका, शाळेतली पोरं, भाजीचे भारे. ती बंद झाली तेव्हा आमच्या गावातल्या म्हाताऱ्या रडल्या, हे मी पाहिलंय.

---

रात्रपाळी

शकुंतला अजूनही ब्रिटिश कंपनीच्या मालकीची आहे आणि भारत सरकार इंग्रजांना दरवर्षी पैसे देतं, असं दरवर्षी मोबाईलवर फिरतं. खरं काय आहे?

---

कापूसवेचा

@रात्रपाळी, अर्धं खरं, अर्धं चुकीचं. लाईन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची होती आणि त्या कंपनीमागे किलिक निक्सन ही फर्म. १८५७ मध्ये मुंबईत इंग्रजांनी सुरू केलेली. गाडी चालवायची जीआयपीने आणि नंतर मध्य रेल्वेने. त्या बदल्यात कंपनीला ठरलेला वाटा. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाईन बाहेर राहिली, म्हणून करार पुढे चालू राहिला. एवढं खरं. पण किलिक निक्सन स्वतःच स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली. त्यामुळे "इंग्रजांना पैसे" हे म्हणणं चुकीचं आहे.

या वेगळ्या मालकीचा तोटा मात्र खरा होता. लाईन आपली नाही म्हणून तिच्यावर खर्च करायचा कोणी, हा प्रश्न कायम लटकलेला. रूळ जुने, स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) कुजलेले, म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून प्रवासी कमी. ब्रॉडगेज करायची घोषणा झाली, आम्ही पेढे वाटले. आता रुळांत गवत उगवलंय.

---

तापीकाठ

खानदेशची पीजे कोणी सांगणार नसेल तर मी सांगते. पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटर, तीही अडीच फुटी. आमच्याकडे "पाचोरा-जामनेर" असं पूर्ण नाव कोणीच घेत नसे. "पीजेने आली का?" एवढंच.

मी कॉलेजला चार वर्षं पीजेने गेले. खिडकीतून हात बाहेर काढला की बाजूच्या कपाशीला लागायचा. ठरलेली माणसं, ठरलेल्या जागा. एक दूधवाले काका होते, त्यांचे कॅन चढल्याशिवाय गार्ड शिट्टी देत नसे. ते एक दिवस आले नाहीत तर सगळा डबा काळजीत.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत गाडी थांबली आणि परत सुरू झालीच नाही. बाकी गाड्यांना निरोप देता आला, हार घालता आले. आमच्या पीजेची शेवटची फेरी शेवटची आहे हे आत बसलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. ही गोष्ट मला फार लागते. ब्रॉडगेजचं काम होतंय याचा आनंद आहेच.

---

मोतीबाग_फेरी

नागपूरकरांनी आणि नागपूरला येणाऱ्यांनी मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय जरूर पाहावं. २००२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. बंगाल नागपूर रेल्वेने गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा या सातपुड्याच्या भागात अडीच फुटी लाईनींचं जाळं विणलं होतं, त्याच्या आठवणी तिथे आहेत. इंजिनाजवळ उभं राहिल्यावर कळतं की "छोटी" हा शब्द फसवा आहे.

नागपूर-नागभीड ही त्यातली आपल्या बाजूची. उमरेड, भिवापूर करत जाणारी, शंभराहून थोडे जास्त किलोमीटर. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली.

---

तीन_गेज

मिरजेचा उल्लेख झालाय म्हणून राहवलं नाही. एके काळी मिरज जंक्शनात तिन्ही गेज होते. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आलं, दक्षिणेकडे मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर) चालूच, आणि पंढरपूरची नॅरोगेज २००८ पर्यंत. एका पुलावर उभं राहून तिन्ही रुंदीचे रूळ दिसायचे. लहानपणी वडिलांनी मला तिथेच गेज म्हणजे काय ते शिकवलं, बोट दाखवून. पुस्तकात वाचायची गरज पडली नाही.

आमच्या भागात संस्थानांची रेल्वे हाही मोठा विषय आहे. मिरज-कोल्हापूर लाईन कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधली, १८९१ ला सुरू झाली. मीटरगेज. सांगली संस्थानाची मिरज-सांगली ही तर पाचेक मैलांचीच, १९०७ ची. तेव्हा सांगली मुख्य लाईनवर नव्हती, फांदीवर होती. ब्रॉडगेज आल्यावर मुख्य लाईनच सांगलीवरून गेली आणि स्टेशनची जागा बदलली. म्हणून सांगलीत स्टेशन चौक आहे, पण त्या चौकात स्टेशन नाही. नवीन पाहुणा "स्टेशन चौकात उतरा" ऐकून बॅग घेऊन उभा राहतो आणि गाडी शोधतो.

---

पांथस्थ१२

खूप छान चाललंय. मला एक व्यवहाराचं विचारायचंय. जुनी लाईन ओळखायची कशी? आमच्याकडे पुष्कळ बांध आहेत, पाटाचे भराव आहेत. सगळेच लाईनसारखे वाटायला लागलेत.

---

बांधावरचा

@पांथस्थ१२, मी कसं पाहतो ते सांगतो.

पहिली गोष्ट वळण. बैलगाडीची वाट कुठेही वळते, शेताचा बांध कोपऱ्यात मोडतो. रेल्वे तशी मोडू शकत नाही. तिचं वळण एकसारखं, लांब, हळूहळू सरळ होत जाणारं असतं. उपग्रहाच्या नकाशावर शेतांच्या चौकटी तिरप्या कापत जाणारी बारीक रेघ दिसली की तिथे थांबायचं. पाटही वळतो, पण पाट डोंगराच्या कडेकडेने समपातळी धरून जातो. रेल्वे उंचवटा आला की तो कापते आणि खोलगट आलं की भराव टाकते. एकाच रेषेत आधी कापलेली खिंड आणि पुढे भराव दिसला तर जवळजवळ खात्री.

दुसरी गोष्ट मोऱ्या. रूळ काढून नेले, स्लीपर नेले, खडीही लोकांनी घराच्या पायात घातली. पण मोरी कोण नेणार? घडीव दगडाच्या छोट्या मोऱ्या ओढ्यांवर अजून उभ्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी शेतकरी त्यांच्यावरून ट्रॅक्टर नेतात. मोरीची रुंदी मोजा. बैलगाडीच्या रस्त्यासाठी कोणी इतकी अरुंद आणि इतकी भक्कम मोरी बांधत नाही.

तिसरी गोष्ट कागद. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोनकाशे बघा, तिथे लाईन स्पष्ट काढलेली असते. गावाचा नकाशा तलाठ्याकडे पाहता येतो. शेतांच्या मधून जाणारी एक लांब अरुंद पट्टी रेल्वेच्या नावावर दिसते. जमीन मोकळी पडली तरी नोंद लगेच बदलत नाही.

आणि शेवटी माणसं. गँगमन, फाटकवाले, खलाशी यांच्या घरी जा. सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. त्यांना किलोमीटरच्या दगडाच्या आकड्यांनिशी सगळं आठवतं. माझ्या गावाशेजारचे एक काका मला सगळी मोरी-मोरी सांगणार होते. "दिवाळीनंतर या" म्हणाले. मी दिवाळीनंतर गेलो, तेव्हा त्यांचा फोटो भिंतीवर होता. म्हणून हात जोडून सांगतो, दिवाळीची वाट बघू नका.

एक महत्त्वाचं : सापडलेलं काहीही उचलून आणू नका. रुळाचा तुकडा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), पाटी, काहीही. बेवारस वाटलं तरी ती रेल्वेची मालमत्ता आहे आणि त्यासाठी १९६६ चा कायदा आहे. फोटो काढा, माप घ्या, जागा टिपून ठेवा.

---

रात्रपाळी

नाशिकची ट्राम या धाग्यात बसेल का? १८८९ मध्ये सुरू झालेली, नाशिक रोड स्टेशन ते गावातली मेन रोड. तिचंही गेज अडीच फूट, आणि सुरुवातीला डबे घोडे ओढायचे.

---

बांधावरचा

बसेलच! तीही "मोठ्या लाईनने गावाला बाजूला ठेवलं" याच अडचणीतून जन्मली. बार्शी आणि नाशिक, दोघांचं दुखणं एकच.

---

कवठ्याची_सून

नमस्कार, मी इथे नेहमी फक्त वाचते. माझं सासर कवठेमहांकाळच्या बाजूला, मिरज-पंढरपूर लाईनजवळ. बांधावरचा यांचं लिहिणं वाचून गोठ्यात गेले. आमच्या गोठ्याचा मधला खांब म्हणजे रुळाचा तुकडा आहे, उभा पुरलेला. सासऱ्यांच्या वडिलांच्या काळापासून तिथेच आहे म्हणतात. त्याच्या बाजूवर अक्षरं उठलेली आहेत, पण गंजामुळे वाचता येत नाहीत. "१९" कळतं, पुढचं नाही. (काढून नेणार नाही कोणी, छप्पर पडेल!)

---

बांधावरचा

ताई, हे फार मोलाचं आहे. रूळ लाटतानाच कारखाना आपलं नाव आणि साल त्याच्या पोटावर उठवतो. घासू नका, ॲसिड लावू नका. रात्री गोठ्यात अंधार करून मोबाईलची बॅटरी रुळाला अगदी चिकटून, बाजूने धरा. उठावाची सावली पडते आणि अक्षरं दिसतात. नाहीतर पातळ कागद घट्ट धरून त्यावर कोळसा आडवा फिरवा.

---

कवठ्याची_सून

दोन्ही करून पाहिलं. नणंदेने कागद धरला. नाव अजून नीट लागत नाही. साल मात्र आलं. तिसरा आकडा नक्की "२". शेवटचा "५" वाटतो, सासरे म्हणतात "६".

---

बांधावरचा

मिरजेपर्यंतची लाईन १९२७ ला पूर्ण झाली. तुमचा रूळ १९२५ किंवा १९२६ चा असेल, तर तो त्याच बांधणीसाठी आलेल्या मालातला असण्याची दाट शक्यता आहे. रुळाचं वरचं टोक दिसतं का? टोकाजवळ पोटाला बोल्टाची भोकं आहेत का? असतील तर तो तुकडा रुळाच्या शेवटाचा आहे, तिथे पुढचा रूळ जोडलेला असणार.

---

कवठ्याची_सून

आहेत, दोन. त्यातल्या खालच्या भोकात आजीसासूबाईंनी दावं ओवलंय. म्हैस तिथेच बांधतो.